फुकट म्हणजे ओपन सोर्स नव्हे!

"वेबसाइट फुकट आहे ना, मग सोर्स कोड कशाला हवा?" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, प्रथिनांचे रेणू ब्राउझरमध्ये गरागरा फिरवून दाखवणारं जेमॉल आठवा. ते जावा अ‍ॅपलेट होतं. २०१५ मध्ये क्रोमने जावा प्लगइनला दार बंद केलं. तरी जेमॉल तगलं, कारण कोड खुला होता आणि त्याचा जावास्क्रिप्ट अवतार, जेएसमॉल, आधीच तयार होता. कोड कुलपात असता, तर रेणूच्या जागी रिकामा चौकोन उरला असता!

कोड खुला केला तरी कुणाला तरी राबावं लागतंच, मान्य. पण कुलूप असलं की राबणाऱ्यालाही आत जाता येत नाही. तेव्हा संशोधक मंडळी, पेपरात नुसती लिंक नको. कोड द्या, लायसन्ससकट!