पाच सेकंदांवर अडलेली सकाळ

२१ ऑक्टोबर २०२३, श्रीहरिकोटा. गगनयानच्या टीव्ही-डी१ चाचणीचे आठचे उड्डाण पावणेनऊवर ढकलले गेले आणि अवघे पाच सेकंद उरले असता संगणकाने उलटगणती रोखली. तीही थेट प्रक्षेपणात! इंजिन प्रज्वलित झाले नाही, यान सुरक्षित आहे, आता कारण शोधू, एवढेच इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले. दहा वाजता यान झेपावले.

बिघडलेल्या सकाळी विद्यार्थ्याला सहसा प्रसन्न राहण्याचा उपदेश मिळतो. तो निरुपयोगी होय. काय शाबूत आहे आणि नेमके काय अडले, हे कागदावर उतरवले तर लक्ष कामाकडे वळते. प्रसन्नतेची वाट पाहावी लागत नाही. त्या दिवशीही पुढे सारे सुरळीत झाले नाहीच. चाचणी यशस्वी ठरली, पण कुपी बंगालच्या उपसागरात उलटी तरंगत होती. नौदलाने ती बाहेर काढली.