एका रिपोर्टवर तापाचा शोध थांबवू नका

आम्ही गोंदिया जिल्ह्यातले शेतकरी, शेतमजूर, आशाताई, परिचारिका, लॅब टेक्निशियन आणि तापाने माणूस गमावलेली घरे. आमची मागणी एकच आहे: तापाच्या रुग्णात एक आजार सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबता कामा नये.

रोवणी आटोपते, धुऱ्यावर गवत माजते आणि आमच्याकडे तापाचे दिवस सुरू होतात. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीत मलेरिया जुनाच. त्यात डेंग्यू, चिखलात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस, आणि गवतझुडपांतल्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस. 2018 च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने नागपूर आणि आसपासच्या भागात बळी घेतले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. धुऱ्यावर गवत कापणाऱ्यालाच रात्री डास चावतात. एका अंगात दोन आजार येण्यात नवल काय?

पण ‘टायफॉइड निघाला’ एवढे कानावर पडले की सलाईन लागते आणि शोध संपतो. हे ज्या विडाल चाचणीवरून ठरते, ती 1896 सालची. टायफॉइड पूर्वी होऊन गेला असेल, लस घेतली असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. स्क्रब टायफससाठी अजूनही वापरली जाणारी वेल-फेलिक्स चाचणी 1916 ची. ती त्या जंतूला शोधतच नाही. प्रोटियस या भलत्याच जीवाणूशी रक्तातली प्रतिपिंडे जुळतात का, एवढेच पाहते. कित्येक खरे रुग्ण तिच्यातून निसटतात. स्क्रब टायफसची एलायझा चाचणी अधिक भरवशाची, पण तापाच्या पहिल्या काही दिवसांत तीही निगेटिव्ह येऊ शकते. डेंग्यूच्या एनएस-1 चाचणीचे उलटे: ती सुरुवातीलाच कामाची. आणि फाल्सिपेरम मलेरियाचे रॅपिड किट आजार बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून तापाचा कितवा दिवस हे न लिहिलेला रिपोर्ट आम्ही अपुरा मानतो.

अमेरिकेत लाइम आजाराच्या रुग्णांपुढेही हाच पेच आहे. एकच गोचीड चावून लाइमसोबत बबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा हे जंतूही देऊ शकते. लाइमवरच्या डॉक्सिसायक्लिनने अ‍ॅनाप्लाझ्मा आटोक्यात येतो, बबेसिया नाही. आमच्याकडे मलेरियाच्या गोळ्यांनी स्क्रब टायफस हटत नाही. चुकलेल्या निदानात गेलेले दिवस यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूवर उठतात.

स्क्रब टायफसची एक खूण मात्र यंत्राशिवाय दिसते. चिगर चावलेल्या जागी काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, भोवती लाल कडा. ती बहुधा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. काखेत, जांघेत, स्तनांखाली, लुगड्याच्या गाठीखाली ती दडलेली असते. सगळ्यांना ती येत नाही. पण येते तिथेही कुणी पाहत नाही, कारण बाईला तपासायला पडदा नसतो आणि परिचारिका दुसऱ्या कामात असते. हा पडदा आम्हाला प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवा. ही आमची सर्वांत स्वस्त मागणी आहे आणि आमच्या लेखी सर्वांत मोठी.

बाकीच्या मागण्याही अवाजवी नाहीत. एकट्या विडाल किंवा वेल-फेलिक्सवर निदान ठरवू नये. मलेरिया पॉझिटिव्ह आला आणि उपचारानंतरही ताप उतरला नाही, तर स्क्रब टायफस, डेंग्यू, लेप्टोची तपासणी व्हावी. पावसाळ्यात एलायझाचे किट जिल्ह्यातच असावे, आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून रिपोर्ट तालुक्याला वेळेत पोचावा. स्क्रब टायफसचा दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन, गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू करावे. ही औषधे महाग नाहीत.

तुमच्या घरी पाच दिवसांत ताप उतरला नसेल, तर जुने सगळे रिपोर्ट घेऊन सरकारी दवाखान्यात जा. ताप कधी चढला, शेतात-जंगलात कधी गेला होतात, ते सांगा. अंग पूर्ण तपासायला लावा आणि विचारा: आणखी काय असू शकते? उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.