समुद्राला घातलेले खत

सांडपाण्यावर पुरेशी प्रक्रिया झाली की नाही, हे केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेनुसार चार गोष्टींवरून ठरते: सामू, जैविक ऑक्सिजन मागणी, तरंगता गाळ आणि विष्ठेतले जिवाणू. २०१५ च्या मसुद्यात नत्रालाही मर्यादा होती. अंतिम नियमांत ती गळाली. म्हणजे एखादे सांडपाणी प्रक्रिया केंद्र मैला व्यवस्थित कुजवून स्वच्छ दिसणारे पाणी खाडीत सोडू शकते, कागदोपत्री उत्तीर्ण होऊ शकते आणि तरीही त्या पाण्यातून अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट रोज समुद्रात जाऊ शकते. शेतकरी ज्याला नत्र आणि स्फुरद म्हणतो आणि पैसे मोजून विकत घेतो, तेच हे.

या खतावर वाढते ते वनस्पतिप्लवक, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचे समुद्रातले पीक. जगातल्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा त्यांचा. मग खत मिळाले तर बिघडले काय? बिघडते ते प्रमाण. प्लवकांना ढोबळ मानाने स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे सोळा अणू लागतात. त्यांतल्या डायटमना तर नत्राइतकीच सिलिकाही हवी, कारण त्यांचे कवच काचेसारखे सिलिकाचे असते. सिलिका येते खडक झिजून, नद्यांच्या पाण्यातून. शहराच्या गटारातून नत्र आणि स्फुरद भरपूर येते, सिलिका त्या मानाने नाहीच. अशा पाण्यात डायटम मागे पडतात आणि सिलिकावाचून भागणाऱ्या जाती पुढे सरतात. डायटम हे तारलीचे आवडते खाद्य. ताटात काय पडणार, याचा निकाल असा आधीच लागत असतो.

आपला किनारा मुळातच नाजूक आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातले थंड, नत्राने समृद्ध पण ऑक्सिजनने गरीब पाणी उथळ भागावर चढते. वर पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी झाकणासारखे पसरलेले. पृष्ठभागावर प्लवक फोफावतात, मरून खाली जातात, कुजतात, आणि झाकणाखालचा उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोर तळाच्या पाण्यात कधी कधी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सापडतो. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये हे मांडले. हे चक्र निसर्गाचेच असले, तरी जमिनीवरून येणाऱ्या नत्रामुळे ते तीव्र होत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या पाण्याला आधीच धाप लागते, त्यात आणखी खत ओतण्याचा धोका कळायला यापेक्षा जास्त पुरावा कशाला हवा?

हिवाळ्यात कोकणात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला गर्दी होते. ती चमक नॉक्टिल्युका या जीवाची. त्याचाच हिरवा प्रकार गेल्या दोन दशकांत उत्तर अरबी समुद्रात डायटमची जागा घेत आहे. घटलेला ऑक्सिजन हे त्याचे कारण, असे जोकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडले. ऑक्सिजन भरपूर असलेल्या पण सिलिका संपलेल्या पाण्यातही तो फोफावतो, असे नंतर इतरांना आढळले. तेव्हा प्रत्येक चमकत्या लाटेचे खापर मुंबईच्या गटारावर फोडणे चूक. पण त्या चमकीला नुसते पर्यटनाचे आकर्षण समजणेही भाबडेपणाचे.

मग प्लवकांतला हा बदल कळणार कसा? हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती केंद्राचा मासेमारीचा सल्ला मच्छीमारांच्या मोबाइलवर येतो, तो उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून. हरितद्रव्य किती, ते उपग्रह सांगतो. ते कोणत्या प्लवकाचे, हे पाण्याचा नमुना घेतल्याशिवाय नक्की होत नाही. पाण्यातले नत्र, स्फुरद आणि सिलिका मोजायलाही बाटली बुडवावीच लागते.

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी लिटरमागे नत्र १० आणि (तळी-सरोवरांत सोडताना) स्फुरद १ मिलिग्रॅम ही मर्यादा घालण्यास सांगितले. मुंबईत दररोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात सांडपाणी केंद्रे उभी राहत आहेत. त्यांच्या तोंडाशी या दोन्हींची मोजणी पहिल्या दिवसापासून व्हावी, आकडे दरमहा जाहीर व्हावेत आणि शेजारच्या खाडीतल्या सिलिकेचा व प्लवकांच्या जातींचा तक्ता त्यांच्यासोबत छापावा. केंद्र सरकारनेही २०१७ च्या नियमांत गाळलेला रकाना परत भरावा. खर्चाची सबब पुढे येईलच. नत्र काढणारी प्रक्रिया महाग आहे, हे खरे. पण मोजणी महाग नाही, आणि ती टाळण्याला तर काहीच सबब नाही.