तिच्या कागदाला हात लावू नका

मैत्रिणींनो, वर्ष संपलं की भिंतीवरच्या कॅलेंडरचं तुम्ही काय करता? फळीवर अंथरता, नाहीतर वह्यांना कव्हरं घालता. मी ती साठवते. मागची कोरी बाजू चित्रं काढायला छान!

आमचं निघोजे चाकणच्या कारखान्यांना लागून. कामासाठी आलेली कुटुंबं भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथं अशाच एका खोलीतली आठवीतली मुलगी माझ्या नजरेत भरली. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं पाण्याच्या टँकरपुढची बायकांची रांग काढली होती. अगदी जिवंत! मी तिला शनिवारी दुपारी घरी बोलावू लागले.

आणि महिन्याभरातच चुकले. त्या रांगेचं मोठं चित्र तिनं काढलं, त्यात बायकांचे हात फार लांब झाले होते. मी खोडरबर घेतलं आणि ते स्वतःच नीट करून दिले. पोर काही बोलली नाही, पण पुढचे दोन शनिवार आली नाही.

शेवटी मीच तिच्या खोलीवर गेले. ती खाली मान घालून म्हणाली, "हंडे उचलून आईचे हात असेच लांब झाल्यासारखे वाटतात, बाई. म्हणून तसे काढले होते." मी ओशाळले. सुधारण्याआधी विचारायचं मला सुचलंच नव्हतं!

आईचा प्रश्न वेगळाच. "चित्रानं पोट भरंल का, बाई? दहावी झाली की पॅकिंगच्या कामाला लावायची हिला." तिचं तरी काय चुकलं? मी एवढंच सांगितलं, की कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा शाळेमार्फत देता येतात आणि इंटरमिजिएटला श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. गुणांचं तिला पटलं. शनिवारचे दोन तास मिळाले. पॅकिंगचा विषय मिटलेला नाही. पण अजून दोन वर्षं हातात आहेत.

हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं म्हैसूरचं प्रसिद्ध चित्र काढणारे सा. ल. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. संस्थानानं मदत केली म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकू शकले. पुढं 1908 साली त्यांनी स्वतःच चित्रकलेची संस्था काढली. आता संस्थानं नाहीत. पण शेजारची एखादी बाई तर आहे ना?

तुम्हालाही असं मूल दिसलं, तर खर्च फार नाही. साध्या पेन्सिलीबरोबर 2बी आणि 4बी अशा दोन मऊ पेन्सिली घ्या. वस्तुचित्राच्या सरावाला तांब्या, दोन वांगी आणि चुरगळलेलं फडकं पुरे. दिवस ठरवा आणि तो मोडू नका. घरच्यांना एकदा तरी भेटून या. चूक दाखवायची तर वेगळ्या कागदावर दाखवा, आणि त्याआधी विचारा, "हे असं का काढलंस?"

परवा तिनं ती रांग पुन्हा काढली. हात पहिल्यापेक्षाही लांब आहेत. खोडरबर मी डब्यात बंद करून ठेवलंय!