तुझा स्लॅब होता ना!

रविवारी सकाळी कॅफे मद्रासबाहेर नाव लिहून ताटकळणं हा आम्हा माटुंगेकरांचा राष्ट्रीय खेळ! या वेळी सोबत रुईयाच्या कट्ट्यापासूनचा माझा एक मित्र होता. पुढे व्हीजेटीआयमधून सिव्हिल केलेला आणि सहा वर्षांपूर्वी नोकरीला रामराम ठोकून कंत्राटदार झालेला. गंमत म्हणजे डोसा येईपर्यंत त्याचा मोबाइल एकदाही वाजला नाही. मी विचारलं, "काय रे, धंदा बसला की काय?"

तो हसला नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. दादरला दुरुस्ती, परळला ऑफिसचं इंटिरिअर, सायनला बांधकाम अशा तीन साइट एकदम चालू. सायनला स्लॅब भरायचा होता. स्लॅब एकदा सुरू केला की मध्येच थांबवता येत नाही. आधीचं काँक्रीट घट्ट झालं की नवीन त्याला नीट धरत नाही आणि पुढे तिथूनच गळती लागते. त्यामुळे हा पठ्ठ्या सकाळी सातपासून साइटवर. रात्री अकराला घरी आला, तर दाराला कुलूप. बाबांच्या छातीत दुपारीच दुखायला लागलं होतं. शेजारच्या काकांनी हॉस्पिटलात नेलं म्हणून निभावलं. "मला फोन का नाही केलात?" यावर बाबा एवढंच म्हणाले, "अरे, तुझा स्लॅब होता ना."

मी म्हटलं, "मग इतकी कामं घेतोसच कशाला?" तेव्हा त्याने टिश्यू पेपरवर हिशेब मांडला. मजुरांचा पगार दर शनिवारी. सिमेंट-स्टीलवाला महिनाभर थांबतो. क्लायंटचं बिल मात्र पास व्हायला दोन-तीन महिने, वर त्यातली थोडी रक्कम डिपॉझिट म्हणून अडकलेली. मग जुन्या साइटची मजुरी भागवायला नव्या कामाचा अ‍ॅडव्हान्स वापरायचा आणि तो फेडायला आणखी नवं काम! बाहेरून दिसते ग्रोथ, आत नुसती पळापळ. थोडक्यात काय, संडे हौसेने जात नाही, उधारीत जातो.

आता जरा फ्लॅशबॅक. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, ती एकट्याने नाही. सोबत होते रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक. फर्मचं नावच फाटक-वालचंद! 1926 साली वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. ते 1953 साली गेले, कंपनी पुढे चालत राहिली. 2009 साली सुरू झालेला वांद्रे-वरळी सी लिंक तिनेच बांधला. वालचंद काही वीकएंड एन्जॉय करणारे गृहस्थ नव्हते. जहाजं, विमानं, मोटारी असा त्यांचा पसारा. पण मालक जागेवर नसतानाही काम चालतं, तीच खरी कंपनी, हे त्यातून नक्की शिकता येतं.

माझ्या मित्राने तेच केलं. साइट इंजिनीअरला नफ्यात वाटा दिला. ठरावीक रकमेपर्यंत सह्या तोच करतो. प्रत्येक कामाचं बँक खातं वेगळं, या साइटचा पैसा त्या साइटला नाही. दोनपेक्षा जास्त साइट एका वेळी नाहीत. फुकटात काहीच झालं नाही हं! मुलुंडचं एक मोठं काम सोडावं लागलं, टर्नओव्हर खाली आला, वाटेकरी वाढला. मुकादम अजून विचारतो, "शेठ, तब्येत बरी आहे ना?"

कॉफी संपता संपता शेवटी मोबाइल वाजलाच. स्क्रीनवर 'बाबा'. मित्राचा चेहरा क्षणभर उतरला. पलीकडून आवाज आला, "येताना भाजी गल्लीतून कढीपत्ता आण रे."

तो लगेच उठला. बिल मी भरलं.

तुम्ही कंत्राटदार नसाल. तुमचा स्लॅब म्हणजे क्वार्टर एंड असेल, क्लायंट कॉल असेल. पण घरच्यांनी तुम्हाला फोन करायचं सोडलंय का, एवढं या रविवारी विचारून बघा.