आकाशातल्या तराजूवर शिक्का कोणाचा?

आमचे किराणा मालाचे दुकान होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, एसटीच्या थांब्यासमोर. बाबांच्या गादीशेजारी लोखंडी वजनांची उतरंड असे. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत. ठरावीक मुदतीने ती सारी वजने गोणपाटात बांधून तालुक्याच्या गावी न्यावी लागत. तिथे वजनमापे निरीक्षक बसलेले असत. वजनाला एक खळगा असतो, त्यात शिसे भरलेले असते. सरकारी वजनाशी ताडून पाहिल्यावर त्या शिशावर वर्षाचा शिक्का ठोकला जाई. एकदा मी बाबांना विचारले, लोखंडाचे वजन बदलेल कसे? ते म्हणाले, "गंज चढला की वाढतं, गंज उडाला की घटतं, हाताळून झिजतं. रोज इतकं थोडं, की आपल्याला कळतसुद्धा नाही. म्हणून तर शिक्का."

पुढे मी दुकान सोडून भौतिकशास्त्र शिकवू लागलो. बाबांचे ते वाक्य मला निवृत्तीनंतर आठवले, ते मिरकरवाडा बंदरावर. ओळखीचे एक तांडेल जाळे दुरुस्त करत बसले होते. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना मराठीत येते; किनाऱ्यापासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला, किती खोलीवर. तिच्याविषयी आम्ही बोलत होतो. बोलता बोलता तांडेल म्हणाले, "सर, वरून दिसतं म्हणतात. पण वरच्याला बरोबर दिसतंय की नाही, ते कोण बघतो?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याच्या उत्तरावर केवळ एका फेरीचे डिझेल अवलंबून नाही, तर समुद्राचे आणि हवामानाचे काय होते आहे याविषयी आज जगात जे दावे केले जातात, त्यांचीही भिस्त आहे.

रुपयातले दहा पैसे

पहिली गोष्ट ही, की उपग्रहाला मासे दिसत नाहीत. त्याला दिसतो तो पाण्याचा रंग. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. आपल्या अंगणातल्या तुळशीत असते तेच हरितद्रव्य त्यांच्यातही असते, आणि हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे जिथे प्लवक विरळ तिथे समुद्र गर्द निळा आणि जिथे दाट तिथे हिरवट दिसतो. प्लवकांवर लहान जीव जगतात, त्यांच्यावर तारली-बांगडे आणि त्यांच्यावर सुरमई. म्हणून निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर नेमके मोजता आले, तर समुद्राच्या शेतात कुठे पीक आले आहे, याचा अंदाज बांधता येतो.

अडचण अशी, की सातशे किलोमीटरहून अधिक उंचीवरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यात जो प्रकाश शिरतो, तो बहुतांशी समुद्राचा नसतोच. हवेतल्या रेणूंनी आणि धूलिकणांनी विखुरलेला सूर्यप्रकाशच त्यात असतो. हिशेब रुपयात मांडू. कॅमेऱ्यात एक रुपयाचा प्रकाश आला, तर त्यातले नव्वद पैसे हवेचे आणि समुद्राचे जेमतेम दहा. पुष्कळदा त्याहूनही कमी. आता कॅमेऱ्याने रुपया मोजताना एका पैशाची चूक केली, म्हणजे एक टक्का चुकला, तर हवेचा वाटा वजा केल्यावर ती सगळी चूक समुद्राच्या दहा पैशांवर येऊन पडते. एक टक्क्याची चूक दहा टक्क्यांची होते. म्हणूनच या क्षेत्रातले शास्त्रज्ञ कॅमेऱ्याची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आत असावी असा आग्रह धरतात. प्रयोगशाळेत, उड्डाणापूर्वी, कितीही काळजी घेतली तरी चूक दोन-तीन टक्क्यांच्या खाली आणणे कठीण जाते.

आकाशाचा प्रकाश दूर सारून समुद्राचा स्वतःचा रंग पाहण्याची ही खटपट शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा एक धागा मुंबई बंदराशी जोडलेला आहे. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्यांचे मत होते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' या बोटीने इंग्लंडहून परत येत होते. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचा एक लहानसा स्फटिक होता. त्यातून विशिष्ट कोनात पाहिले, की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश विझतो. तो विझल्यावरही समुद्र निळाच दिसला. उलट अधिक खुलून दिसला. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हा निष्कर्ष त्यांनी 'नेचर' नियतकालिकाला लिहून कळवला. त्या पत्रावर मुंबई बंदर, २६ सप्टेंबर १९२१ अशी नोंद आहे. रामन यांच्या हातात प्रिझम होता आणि पाणी समोर होते. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला मात्र साऱ्या वातावरणाच्या वर राहून हेच काम करायचे असते, तेही वर्षानुवर्षे आणि कोणी दुरुस्तीला न जाता.

डोळ्यावर चढणारा पडदा

माझ्या आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ती पहिल्यांदा अंगणात आली तेव्हा म्हणाली, "अरे, आभाळ इतकं निळं होतं होय!" मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळा रंग आधी जातो, पण हळूहळू जातो, म्हणून माणसाला वाटते जगच मळले.

उपग्रहांचे अगदी असेच होते. समुद्राचा रंग पाहण्यासाठी पाठवलेला पहिला कॅमेरा १९७८ साली 'निंबस-७' या अमेरिकी उपग्रहावरून गेला आणि १९८६ पर्यंत चालला. त्याची नजर हळूहळू मंदावली आणि सर्वांत जास्त मंदावली ती निळ्या पट्ट्यात. निळा प्रकाश कमी नोंदला गेला, की गणित म्हणते, हरितद्रव्य वाढले! त्यातच १९८२ मध्ये मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीने वातावरणात इतके कण उधळले, की हवेचा वाटा वजा करण्याचे गणितही बिघडले. समुद्र बदलला, हवा बदलली की डोळा बदलला, हे वेगळे करण्यात शास्त्रज्ञांची पुढची कित्येक वर्षे गेली.

२०११ साली गेलेल्या 'सुओमी एनपीपी' उपग्रहावरील उपकरणाची नजर काही महिन्यांतच अवरक्ताजवळच्या पट्ट्यांत झपाट्याने उतरू लागली. तपासाअंती कळले, की आरशांवरच्या मुलाम्यात टंगस्टनचा अंश चुकून मिसळला गेला होता आणि अतिनील किरणांनी तो काळवंडत होता. दोष कारखान्यातला, उघड झाला अवकाशात. पण उघड झाला, कारण नजर तपासण्याची सोय होती.

ही सोय कशी करतात? उपग्रहावर एक पांढरी तबकडी असते. तिच्यावर पडलेले ऊन कॅमेऱ्याला दाखवतात. पण उन्हाने तबकडीही पिवळी पडते. म्हणजे तराजू तपासणारे वजनच झिजते! अशा वेळी शास्त्रज्ञ चंद्राकडे वळले. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, गवत उगवत नाही. त्याचा पृष्ठभाग माणसाच्या हिशेबाने बदलतच नाही. कला बदलतात, परंतु त्यांचे गणित ठाऊक आहे. १९९७ ते २०१० या काळात चाललेला 'सीविफ्स' हा कॅमेरा वाहणारा उपग्रह दर महिन्याला पौर्णिमेच्या आसपास अख्खा वळवून चंद्राकडे रोखत असत. महिन्याच्या महिन्याला, तेरा वर्षे. त्या नोंदींवरून कॅमेऱ्याची नजर किती उतरली ते काढत आणि आकडे दुरुस्त करत. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या आमच्या कोळी बांधवांना ही शिस्त कळायला जड जाऊ नये.

समुद्रातला शिक्का

चंद्राने नजर स्थिर आहे की नाही ते कळते. पण ती मुळात बरोबर आहे का, हे ठरवायला समुद्रातच उतरावे लागते. हवाई बेटांपैकी लानाई बेटाच्या पश्चिमेला, जिथे पाणी नितळ आणि हवा स्वच्छ आहे, तिथे १९९७ पासून 'मोबी' नावाचा एक तरंगता बोया नांगरलेला आहे. त्याचे हात पाण्यात वेगवेगळ्या खोलीवर प्रकाश मोजतात. उपग्रह डोक्यावरून जातो त्या वेळी पाण्यातून खरोखर किती प्रकाश बाहेर पडला, ते तो सांगतो. त्यात हवेचा हिशेब मिळवला, की कॅमेऱ्याला किती दिसायला हवे होते ते निघते. दिसले त्यापेक्षा कमी-जास्त, तर तेवढ्या गुणकाने कॅमेऱ्याचे आकडे दुरुस्त करायचे. यालाच अंशशोधन म्हणतात. जगातल्या अनेक उपग्रहांच्या वजनांवर या एका बोयाचा शिक्का आहे.

आपण यात कुठे आहोत? २६ मे १९९९ रोजी 'ओशनसॅट-१' गेला, २३ सप्टेंबर २००९ रोजी 'ओशनसॅट-२' आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांच्या मालिकेतला तिसरा. पहिल्या दोघांचे कॅमेरे आठ रंगपट्ट्यांत पाहत, तिसऱ्याचा तेरा पट्ट्यांत पाहतो. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ आपले स्वतःचे तपासणी केंद्र उभारले आणि 'ओशनसॅट-२'च्या कॅमेऱ्याचे अंशशोधन तिथल्या नोंदींवर केले. अरबी समुद्राच्या हवेत अरबस्तानची धूळ असते, बाष्प असते. हवाईच्या स्वच्छ हवेचा शिक्का आपल्या हवेला पुरेलच असे नाही. म्हणून हे काम महत्त्वाचे.

कोकण किनाऱ्यापाशी तर आणखी एक गुंता आहे. खोल समुद्र अवरक्ताजवळच्या प्रकाशात जवळजवळ काळा असतो, म्हणून तिथे जे दिसेल ते हवेचे, असे धरून वजाबाकी करतात. पण सावित्री-वाशिष्ठीच्या मुखाशी गढूळ पाणी असले, की गाळ त्या प्रकाशातही चमकतो, गृहीतकच कोसळते आणि गाळाला हरितद्रव्य समजले जाते. खाडीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला जे डोळ्यांनी कळते, ते वरच्या कॅमेऱ्याला शिकवावे लागते.

बांगड्याला चालते ते हवामानाला नाही

तांडेलांच्या कामापुरते बोलायचे, तर एक-दोन टक्क्यांची चूक फारशी आड येत नाही. त्यांना हवी असते ती कडा. निळे पाणी संपून हिरवे कुठे सुरू होते ती रेघ. सगळेच चित्र थोडे हिरवट दिसले, तरी रेघ जागच्या जागी राहते. पण वीस वर्षांत समुद्र हिरवा झाला का, असे विचारले, की अर्धा टक्कासुद्धा मोठा ठरतो.

आणि आज नेमके हेच विचारले जाते आहे. २००५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की १९९७ पासूनच्या सात वर्षांत पश्चिम अरबी समुद्राच्या किनारपट्टीत पावसाळी मोसमातले प्लवक साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढले. २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी मांडले, की सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातले प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटले, कारण वरचे पाणी तापले आणि खालची अन्नद्रव्ये वर येईनात. दोन्ही अभ्यासांचे प्रदेश आणि कालखंड वेगळे आहेत, त्यामुळे एक खरा म्हणून दुसरा खोटा ठरत नाही. पण सात वर्षांची नोंद किती दूरवर ताणावी, हा धडा त्यातून मिळतो. लांब पल्ल्याची नोंद हवी, तर एका कॅमेऱ्याची दुसऱ्याशी गाठ मारावी लागते, आणि ती गाठ अंशशोधनाचीच असते.

२०२३ च्या जुलैमध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तर जगातल्या ५६ टक्के सागरपृष्ठाचा रंग वीस वर्षांत बदलल्याचे सांगितले. विषुववृत्ताजवळचे समुद्र विशेषकरून हिरवट होत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. ही नोंद 'ॲक्वा' या एकाच उपग्रहावरच्या, २००२ पासून काम करणाऱ्या एकाच उपकरणाची होती. एकच तराजू वीस वर्षे आणि त्यावर सतत शिक्का. म्हणून त्या वाक्याला किंमत. असे उपकरण थकले आणि त्याचा वारस वेळेवर आला नाही, तर साखळी तुटते. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा 'पेस' उपग्रह गेला. त्याआधीच्या वर्षांत तो रद्द करण्याचे अर्थसंकल्पी प्रस्ताव तिथल्या सरकारने एकाहून अधिक वेळा मांडले होते. तिथल्या संसदेने पैसा दिला म्हणून तो उडाला.

मला चिंता वाटते ती इथे. उपग्रह उडतो तेव्हा दूरचित्रवाणीवर टाळ्या वाजतात, वर्तमानपत्रांत मोठा मथळा येतो. बोया बदलला, चंद्राची नोंद घेतली, जुने सारे आकडे नव्या गुणकाने पुन्हा मोजले, याची बातमी होत नाही. ज्याची बातमी होत नाही, त्या कामाचा पैसा कापणे सोपे असते. आणि तो कापल्याचे लगेच कळतही नाही. कॅमेरा चित्रे पाठवतच राहतो, रंगही सुंदर दिसतात. बाबांच्या शब्दांत, रोज इतके थोडे चुकते, की आपल्याला कळतसुद्धा नाही.

मागच्या खेपेला मिरकरवाड्याला गेलो, तेव्हा तांडेलांना हे सारे सांगितले; चंद्राचे, पांढऱ्या तबकडीचे, कवरत्तीचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. दर पावसाळ्यात होडी वर ओढून बुडाचे शेवाळ आणि शिंपले खरवडणारा तो माणूस. क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "मग त्या बोयावरचं शेवाळ कोण काढतं?"

हवाईला पाणबुडे उतरून काढतात, आणि दर काही महिन्यांनी बोयाच बदलतात, हे मी त्यांना सांगितले. तसे ते नेमाने करत राहण्यासाठी माणूस, होडी आणि पैसा दरवर्षी लागतो, हेही सांगितले. ते मान हलवून पुन्हा जाळ्याकडे वळले. म्हणाले, "तेवढं झालं पाहिजे. नाहीतर बाकी सगळं फुकट."