डोंगर तोलणारे गडगे
इटलीच्या चिंक्वे तेर्रे किनाऱ्यावरची पाच गावं पाहायला येणारे बहुतेक जण निसर्ग पाहिल्याच्या समाधानात परततात. खरं तर तिथला डोंगर माणसाने घडवलेला आहे. समुद्रात जवळजवळ उभ्या उतरणाऱ्या कड्यांवर चुन्याविना दगडावर दगड बसवून शेतकऱ्यांनी शतकानुशतकं गडगे रचले आणि त्यांच्या आधाराने द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या केल्या. फटींतून पाणी निथळतं, माती मागे राहते. युनेस्कोने १९९७ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला तो या मेहनतीला. पण तरुण शहरांकडे गेले, मळे ओस पडले, ढासळलेला गडगा पुन्हा रचायला हात उरले नाहीत. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत या पाचांपैकी वेर्नात्झा आणि मोंतेरोस्सो या गावांत चिखल-दगडांचे लोंढे घुसले. पाऊस असाधारण होता, हे मान्यच. तरी अशा वेळी देखभालीविना राहिलेल्या पायऱ्या आधी सुटतात. पर्यटनाने गावं तगली, असं म्हणतात. तगली खरी, पण तो पैसा खोल्यांत आणि खानावळींत खेळतो, त्यातला थोडाच उतारावर चढतो. कुणी घाम गाळायला परत यावं, असा हट्ट आपण धरू शकत नाही. म्हणूनच गडगा रचणाऱ्याला रास्त मजुरी मिळावी आणि ती तो देखावा पाहायला येणाऱ्यांच्या खिशातून जावी, ही मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते.